मागच्या सीटवरची बाई

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की आमच्या वस्तीतल्या महिला मंडळाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. गावी जाताना, सहलीला जाताना बायकांनी काय काळजी घ्यावी? याही वर्षी निघाला. फळ्यावर यादी लिहून झाली. अंगावर दागिने नकोत, अनोळखी माणसाने दिलेलं खाऊ नये, रात्रीचा प्रवास टाळावा, शक्यतो घरातला पुरुष बरोबर असावा. ही यादी मी स्वतः कितीतरी शिबिरांत अशीच लिहून दिलेली आहे. यावेळी मात्र खडू हातात असतानाच मला आमचा दोन वर्षांपूर्वीचा प्रवास आठवला आणि मी थांबले. त्या प्रवासात दागिने घरी होते, खाणं घरचं होतं, घरातले दोन पुरुष बरोबर होते. रात्र तेवढी होती. पण घरचे पुरुष बरोबर असले की रात्रीला कुणी रात्र म्हणत नाही.

आम्ही ठाण्याहून मालवणला निघालो होतो. मोठे दीर गाडी चालवत होते, शेजारी माझा नवरा. मागे मी, जाऊ, तिचा सहा वर्षांचा मुलगा आणि माझ्या मांडीवर माझी दीड वर्षांची मुलगी. रात्री दहाला निघालं की ट्रॅफिक लागत नाही, ऊन लागत नाही, मुलं झोपून जातात. कोकणात जाणाऱ्या घराघरांतलं हे गणित आहे. दीर दिवसभर नोकरी करून, जेवून थेट गाडीत बसले होते. पहाटे चारच्या सुमारास संगमेश्वरच्या पुढे गाडी रस्ता सोडून डावीकडच्या मातीत उतरली आणि एका झाडाच्या हातभर अलीकडे थांबली. कुणाला खरचटलंही नाही. दीर म्हणाले, "कुत्रं आडवं आलं." कुत्रं नव्हतं. ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांनी मान डोलावली.

मला बोलायचं आहे ते त्याच्या आधीच्या तासाभराबद्दल. चिपळूण सोडल्यापासून जाऊ त्यांच्या जांभया मोजत होती, असं तिने मला नंतर सांगितलं. आरशात त्यांचे डोळे मिटत होते, ते मीही पाहत होते. आम्ही दोघी गप्प होतो. सल्ला केंद्रात येणाऱ्या बाईला रोज "बोलायला शीक" म्हणून सांगणारी मी, मीसुद्धा गप्प होते. जावेला विचारलं, वहिनी, तुम्ही का नाही बोललात? ती म्हणाली, "मागच्या खेपेला 'जरा हळू चालवा' म्हटलं, तर रत्नागिरीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. मुलांची सुट्टी कशाला नासवायची?" नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "दादाला कसं सांगणार?" म्हणजे तीन मोठी माणसं जागी होती, तिघांनाही धोका दिसत होता, आणि तिघांनीही गाडीतल्या कर्त्या पुरुषाचा मान राखला.

यातली आणखी एक गोष्ट मला फार लागते. जावेकडे लायसन्स आहे. ती रोज ठाण्यातल्या गर्दीतून गाडी चालवत कामावर जाते. पण हायवेवर स्टिअरिंग तिच्या हाती देत नाहीत, कारण "तिला हायवेची सवय नाही". दिल्याशिवाय सवय कशी होणार, हे कुणी विचारत नाही. म्हणजे दुसरा चालक गाडीतच होता, आणि त्याला सामानासारखं मागे बसवलं होतं. अर्थात त्या रात्री तिच्या हाती गाडी दिली असती तरी मला भीती वाटली असती. ती पहाटे पाचपासून उठून दशम्या, चटण्या, मुलांचे कपडे, सासूबाईंची औषधं यांत होती. तेव्हा बायकांनाही गाडी चालवू द्या एवढंच म्हणून भागणार नाही. आदल्या दिवशीचे डबे आणि बॅगा कोण भरणार, हाही रस्त्यावरच्या सुरक्षिततेचाच प्रश्न आहे.

झोपेपुढे मर्दानगी चालत नाही. पहाटे दोन ते सहा आणि दुपारी दोन ते चार या वेळांत माणसाचं शरीर मुळातच सुस्त असतं. काच उघडणं, गाणी मोठ्याने लावणं यांनी दोन-चार मिनिटं बरं वाटतं, इतकंच. कॉफीचा परिणाम व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि तोही तात्पुरताच. डोळे मिटायला लागले की गाडी सुरक्षित जागी बाजूला घेऊन झोपणं किंवा चालक बदलणं, एवढेच दोन उपाय आहेत. आणि साठच्या वेगाने जाणारी गाडी तीन सेकंदांच्या डुलकीत पन्नास मीटर पुढे गेलेली असते.

आता मांडीवरच्या मुलीबद्दल. मी तिला घट्ट धरलं होतं. आईच्या मांडीइतकी सुरक्षित जागा नाही, असं आपण मानतो. पण ताशी पन्नास किलोमीटरने जाणारी गाडी आदळून थांबली, तर दहा किलोचं मूल त्या क्षणी दीड-दोनशे किलोच्या ओझ्याच्या जोराने हातातून सुटतं. कुठल्याही आईच्या हातात तेवढं बळ नाही. आईने पट्टा लावलेला नसेल, तर तिचाच भार मुलावर येतो. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची वेगळी सीट नसेल तर हजार रुपये दंड ठरला. मागच्या सीटवरचा पट्टा हा तर आधीपासूनचा नियम. तरी मागचे पट्टे सीटकव्हरखाली दडपलेले असतात. मागे बसतं कोण? बायका, मुलं, म्हातारी माणसं. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ साली पट्टा न लावलेले १६,७१५ लोक अपघातांत गेले. त्यातले जवळपास निम्मे, ८,३३१, चालक नसून प्रवासी होते.

त्याच वर्षी ४ सप्टेंबरला उद्योगपती सायरस मिस्त्री पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ अपघातात गेले. मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते, ते दोघे गेले. पुढचे दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. गाडी एक डॉक्टर महिला चालवत होती. चालकाची चूक तपासलीच पाहिजे, बाई असो की पुरुष. पण आमच्या ऑफिसात आठवडाभर चर्चा चालली ती "बाई चालवत होती ना" एवढ्यावरच. मागच्या पट्ट्यांबद्दल कुणी बोलेना. पुढे १ नोव्हेंबर २०२२ पासून मुंबई वाहतूक पोलिसांनी गाडीतल्या सर्वांना पट्टा सक्तीचा केला, तेव्हा तोच ऑफिसवर्ग कुरकुरत होता. गरोदर बाईने पट्टा लावू नये, हाही एक गैरसमजच. खालचा पट्टा पोटावरून न घेता पोटाखालून, मांड्यांच्या वर घ्यायचा आणि वरचा छातीच्या मधून.

लघवीचा विषय मला मुद्दाम इथेच घ्यायचा आहे. प्रवासात बायका पाणी पीत नाहीत. आदल्या संध्याकाळपासूनच नाही. गाडी थांबवा म्हणायचं नाही, कारण "आत्ता तर थांबलो होतो". पुरुष कुठेही उतरतो. आपण पुढच्या पंपापर्यंत दम धरतो, आणि पंपावरच्या संडासाला कुलूप असतं. मग लघवीला जळजळ, ताप, आणि सुट्टीनंतर दवाखाना. आम्ही दोघी त्या रात्री महाडनंतर थांबा म्हणालोच नव्हतो. म्हणालो असतो, तर दिरांचेही पाय मोकळे झाले असते, चेहऱ्यावर पाणी पडलं असतं. दर दोन तासांनी थांबणं चालकाला हवं असतं आणि बाईलाही, आणि दोघंही लाजेपोटी ते मागत नाहीत. मुंबईत २०११ साली संघटनांनी 'राइट टू पी' मोहीम सुरू केली ती शहरातल्या मुताऱ्यांसाठी. ती मागणी आता हायवेवर न्यायला हवी. तोवर पंपावर उतरून किल्ली मागायची, मोठ्या आवाजात मागायची.

मंडळाच्या सहली म्हणजे गाडी भाड्याची असते, आणि इथे आपणही धुतल्या तांदळासारख्या नाही. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर दोन दिवसांत करायचं, रात्रीचं भाडं वाचवायचं, आणि त्यासाठी ड्रायव्हरला सलग चालवायला लावायचं. आमच्या खोल्या बुक होतात, तो डासांत गाडीतच झोपतो. वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली झालेल्या कायद्याने दिवसाला आठ तास कामाची मर्यादा घातली होती. कष्टकरी बायकांच्या तासांबद्दल भांडणाऱ्या आपण, ड्रायव्हरचे तास मोजतो का? मागच्या सहलीला मी पहिल्यांदा विचारलं, "दादा, काल रात्री किती झोपलात?" तो हसला, म्हणाला, "ताई, काल नाशिकचं भाडं होतं." तीन तास झोपला होता. आम्ही निघण्याची वेळ चार तासांनी पुढे ढकलली. मंडळातल्या चार जणी नाराज झाल्या. अजूनही दोघी टोमणे मारतात.

तर यावेळी मी फळा पुसला नाही, दागिन्यांची ओळही तशीच राहू दिली. चोऱ्या होतातच. तिच्याखाली बायकांनी स्वतःच भर घातली. चालक किती झोपला ते निघण्यापूर्वी सर्वांसमोर विचारायचं. मागचे पट्टे आदल्या दिवशी बाहेर काढून ठेवायचे. ११२ आणि राष्ट्रीय महामार्गासाठीचा १०३३ हे नंबर नवऱ्याच्या फोनमध्ये असतील, तर आपल्याही फोनमध्ये हवेत. आणि "थांबा" हा शब्द कुणीही उच्चारला, अगदी मुलाने, तरी थांबायचं, कारण विचारायचं नाही. शेवटच्या ओळीवर बराच वाद झाला. एक म्हणाली, असं केलं तर गाडी कोकणात पोचायचीच नाही.

यंदा आम्ही पहाटे पाचला निघणार आहोत, तेही आदली रात्र पूर्ण झोपून. डबे नाहीत, वाटेत खायचं. पनवेल ते महाड गाडी जाऊ चालवणार, असं तिने जाहीर केलं आहे. दीर अजून "बघू" म्हणतात.