मोटारीचा मेंदू कोणीं बदलावा?

विजेच्या मोटारींत तेलाचें इंजिन नसतें. परंतु बॅटरी, ब्रेक, दिवे इत्यादिकांवर देखरेख करणारे अनेक छोटे संगणक असतात. त्यांस कंट्रोल युनिट म्हणतात. तें बिघडल्यास कोणीं बदलावें, हा प्रश्न केवळ कारागिरांचा नव्हे, असें आमचें मत आहे.

टेस्ला कंपनीचेंच उदाहरण घेऊं. २०१२ ते २०१८ पर्यंतच्या मॉडेल एस मोटारींच्या मधल्या पडद्यामागील युनिटांत आठ गिगाबाइटांची एक मेमरी चिप होती. अशा चिपेवर लिहिण्यापुसण्यास मर्यादा असते. संगणक आपली रोजनिशी तिजवर सतत लिही. त्यामुळें कांहीं वर्षांत ती झिजे व पडदा बंद पडे. मग मागील रस्ता दाखविणारा कॅमेराही निरुपयोगी होई. चिप नखाएवढी, पण खोळंबा मोठा! कित्येक मालकांनीं पदरचे पैसे मोडून दुरुस्ती करविली. अखेर २०२१ सालीं, अमेरिकेच्या वाहनसुरक्षा खात्यानें मागणी केल्यावर, कंपनीनें मॉडेल एस व मॉडेल एक्स मिळून सुमारें १,३५,००० मोटारी विनामूल्य दुरुस्तीस बोलाविल्या.

नवें युनिट बसविणें म्हणजे दिवा बदलणें नव्हे. पुष्कळ मोटारींत तें त्या गाडीच्या क्रमांकाशीं व किल्लीशीं जुळवावें लागतें, आणि जुळविण्याचें साधन बहुधा कंपनीच्याच हातीं असतें. यानें चोरीस आळा बसतो. शिवाय बॅटरीचा दाब शेंकडों व्होल्ट असल्यानें अडाणी हातानें प्राण जाईल. हे आक्षेप आम्हांस मान्य आहेत. परंतु परीक्षेवांचून कोणीं वैद्यकी करूं नये, म्हणून वैद्यकीचे ग्रंथ कुलुपांत ठेवावे काय? शिकलेल्या कारागिरास तें ज्ञान व तें साधन वाजवी दरानें मिळालेंच पाहिजे.

डिसेंबर २०२२ मध्यें भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्यानें दुरुस्तीच्या हक्कासंबंधीं पोर्टल उघडलें. त्यांत मोटारींचाही समावेश आहे. आरंभ चांगला आहे. पण ग्राहकानें विचारल्यावांचून दुकानदार सांगत नसतो.

म्हणून पालकांस आमची विनंती कीं, मोटार घेतांना रंग व किंमत यांबरोबर हेंही विचारावें: कोणता भाग सुटा मिळतो, आणि तो कोण बसवूं शकतो? आणि विद्यार्थ्यांनो, नारिंगी तारांस हात लावूं नका. परंतु त्या कोठें जातात हें शिकल्यावांचून राहूं नका. जिचा दोष शोधण्याची आपणांस मुभा नाहीं, ती वस्तु आपल्या दारीं उभी असली तरी पुरती आपली नव्हे.