आधी जमाखर्च, मग कविता

दिवसा बँकेत खातेवह्या तपासल्या, रात्री कादंबऱ्या लिहिल्या. 'आकडेमोडीच्या माणसाला साहित्य सुचते कसे?' हा प्रश्न पाठ सोडत नसे. त्याचे उत्तर इराकमधील उरुक या प्राचीन नगरीत आहे. इ. स. पूर्व ३३०० च्या सुमारास तेथे ओल्या मातीच्या पाट्यांवर बोरूने लिपी उमटली. काव्य नव्हे, बहुतेक नोंदी धान्य, मेंढ्या आणि मद्य यांच्या! हजारेक वर्षांनी, त्याच लिपीच्या घडत गेलेल्या रूपात, उरची पुजारीण एन्हेदुअन्ना हिच्या नावावरची स्तोत्रे आपल्यापर्यंत पोहोचली. नावानिशी ठाऊक असलेली पहिली कवयित्री तिलाच मानतात. तेव्हा घरातल्या कारकुनाला हसू नका. त्याच्या पूर्वजाने हिशेब मांडला, म्हणून कवितेला अक्षर मिळाले.