टोप घालायचा तर मापाचा

नात्यागोत्यात कुजबुज चालू आहे असं कानावर आलं, तेव्हा इथेच लिहून टाकते, म्हणजे प्रत्येकीला वेगळा फोन करायला नको. होय, माझ्या डोक्यावर दिसतो तो टोप आहे. तीन वर्षं झाली. केमोथेरपीत केस गेले, नंतर आले ते विरळ आले, आणि पाच वर्षं घ्यायच्या ज्या गोळ्या आहेत त्या उरलेलेही फारसे वाढू देत नाहीत. डॉक्टर म्हणाले, "बाई, आता एवढेच." बरं, एवढेच तर एवढेच.

रडगाणं गायला हे लिहीत नाहीये. माझं एक मत झालंय ते मांडायचंय. टोप वाईट दिसतो अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. वाईट दिसतो तो ढिला, नको तितका दाट आणि भलत्याच वयाचा टोप. नीट बसलेला टोप तुम्ही बाजारात, बँकेत, देवळात रोज बघता आणि तुम्हाला कळत नाही, म्हणून त्याचं उदाहरण कुणी देत नाही. उदाहरण देतात ते सिनेमात पंख्याखाली उडालेल्या टोपाचं.

(दुकानवाले हल्ली ‘हेअर सिस्टीम’ म्हणतात. म्हणोत बापडे. टोप हा आपल्या नाटकवाल्यांचा शब्द आहे आणि आमच्या आयांच्या पेटीत गंगावन असायचंच. तेव्हा नवीन काही नाही.)

"या वयात कशाला?" असं मला दोघीतिघींनी विचारलं. कशाला ते सांगते. आमच्या लहानपणी आळीत लाल आलवणातल्या एक आजी होत्या. पदर कपाळापर्यंत ओढलेला, आणि आम्ही पोरं त्या पदराखाली काय आहे याला घाबरायचो. बाईचं डोकं बोडकं असणं म्हणजे काय, हे आमच्या पिढीने त्या पदरावरून शिकलंय. अण्णासाहेब कर्वे आपल्या जिल्ह्यातले. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाईंशी, म्हणजे एका विधवेशी, लग्न केलं तर गावाने वाळीत टाकलं. त्याआधी १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं ठरवलं होतं. रूढी गेली, चांगलं झालं. पण तिची भीती माझ्या पिढीच्या बायकांच्या मनात कुठेतरी बसलेली आहे. केमोच्या वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवरची, माझ्याच वयाची बाई उलट्यांनी रडली नाही, उशीवरचे केस बघून रडली. तिचे यजमान समोर बसलेले होते, धडधाकट. तिला "हौस कशाला" म्हणून विचारून बघा.

तर आता मापाकडे वळू, कारण सगळं तिथेच अडतं.

टोपाचं माप तीन ठिकाणी घ्यावं लागतं. कपाळावरच्या केसांच्या कडेपासून कानांच्या वरून मानेच्या खळीपर्यंत आणि परत, असा घेर. कपाळापासून डोक्यावरून मानेपर्यंत. आणि या कानापासून त्या कानापर्यंत डोक्यावरून. साधारण बाईचा घेर बावीस इंचांच्या आसपास असतो आणि तयार टोप त्याच मापाचे येतात. माझं डोकं लहान. त्यात केस गेल्यावर डोकं आणखी लहान होतं, हे कुणाच्या लक्षात येत नाही. मला पहिला टोप ज्या दुकानातून मिळाला (नाव लिहीत नाही) तिथे टेप नव्हतीच. "आंटी, फ्री साइज आहे, मागे पट्टी ओढा." पट्टी शेवटपर्यंत ओढली तरी मान खाली घातली की टोप भुवयांवर. मांडवीच्या जेटीवर संध्याकाळी वारा कसा असतो ते रत्नागिरीकरांना सांगायला नको. मी एक हात डोक्यावर ठेवून फिरत होते, जशा पूर्वी बायका घागर सावरत असत.

उपाय मला मिळाला तो दुकानात नाही, नमनात! माझा एक जुना विद्यार्थी गावच्या नमन मंडळात कित्येक वर्षं गौळण करायचा. बापई गडी, रात्रभर नाचायचा, आणि टोप हलायचा नाही. त्याला विचारलं. म्हणाला, "बाई, टोप डोक्याला नाय बांधायचा, पट्टीला बांधायचा." आधी कपाळाच्या कडेने डोक्याभोवती कापडाची पट्टी घट्ट बांधायची आणि टोपाच्या पिना त्या पट्टीत खोचायच्या. मी सुती पट्टीऐवजी मखमलीची घेतली, लव बाहेरच्या बाजूला. मखमल टोपाच्या अस्तराला धरून ठेवते, पिना लागतच नाहीत. टोपाच्या आत मानेजवळ दोन चुण्या आमच्या शिंपीणबाईंनी घालून दिल्या. एवढ्यावर काम झालं. ज्यांचा टोप उलट मागे सरकतो, त्यांचा बहुतेक लहान पडतोय किंवा खालचे केस मागे गोळा होऊन तो उचलतोय. केस सपाट पसरून बांधावे.

यानंतरची भानगड दाटपणाची. टोप करणारे विशीतल्या पोरीएवढे केस भरतात, कारण गिऱ्हाइकाला भरपूर माल मिळाल्यासारखं वाटतं. सत्तरीच्या चेहऱ्यावर तेवढे केस म्हणजे लग्नाच्या रुखवतातली बाहुली. मी माझा टोप चक्क विरळ करून घेतला. कपाळाजवळची कड जाळीची असेल तर तिथले थोडे केस चिमट्याने एकेक काढता येतात. सरळ रेघ मोडते, आणि खरी केशरेषा कधी सरळ नसतेच. रंगही काळाभोर घेऊ नये. माझ्यात पांढरे मिसळलेले आहेत, कानाजवळ जास्त. भाचीने विचारलं, "मावशी, पैसे देऊन पांढरे केस विकत घेतलेस?" घेतले. माझ्या सुरकुत्यांना ते शोभतात.

नाटकवाल्यांना ही अक्कल शंभर वर्षांपूर्वी होती. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली आणि बालगंधर्वांच्या वेषभूषेची नक्कल घरंदाज बायका करू लागल्या. पुरुषाच्या डोक्यावरचा साजशृंगार बघून बायकांनी आपले केस कसे घालायचे ते ठरवावं, यावरून किती बारकाईने काम होत असेल बघा. तिथे भूमिका बघून केस ठरत. आज दुकानात मशीनवर शिवलेले चार नमुने टांगलेले असतात, चारही शहरी कापलेल्या केसांचे. नऊवारी नेसणाऱ्या किंवा चापूनचोपून पाचवारी नेसणाऱ्या बाईचा अंबाडा त्यांच्या गावीच नाही.

अंबाड्याची अडचण खरी आहे, ती समजून घेतली पाहिजे. साध्या टोपात केसांच्या झालरी आडव्या ओळींत शिवलेल्या असतात. केस मोकळे असतील तोवर ओळी झाकलेल्या राहतात. वर बांधायला गेलं की मानेजवळ शिवण उघडी पडते. कडेने हाताने एकेक केस गुंफलेला टोप असेल तरच तो वर बांधता येतो, आणि त्याची किंमत पेन्शनीला झेपत नाही. मी मधला मार्ग काढला. माझे मानेवरचे केस बरे आहेत, म्हणून पूर्ण टोप सोडून फक्त टाळूवरचा तुकडा घेतला. मागचे स्वतःचे केस वर घेते, त्यात जुनं गंगावन, आणि लहानसा अंबाडा. फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरंगी आली की वळेसर त्याभोवती फिरवते. आकड्याऐवजी दोरा बांधते, कारण आकडा जाळी फाडतो. तुकडा क्लिपांनी बसतो, पण त्या क्लिपा रोज जागा बदलून लावाव्या. एकाच ठिकाणी ओढ बसली की उरलेसुरलेही जातात.

एक सूचना स्वयंपाकघरातली. कृत्रिम धाग्याचा टोप घालून मोदकपात्राचं झाकण उघडू नये. वाफेने पुढच्या बटा आखडून भाजक्या शेवयांसारख्या होतात आणि पुन्हा सरळ होत नाहीत. चतुर्थीला मी घरात सुती टोपी घालते, पाहुणे आले की टोप. खऱ्या केसांचा टोप वाफ सोसतो, पण आपल्या दमट हवेत त्याची घडी मोडते आणि प्रत्येक धुण्यानंतर तो नव्याने विंचरून बसवावा लागतो.

चिकटवण्याच्या टोपाबद्दल मात्र माझं मत कडक आहे. नात्यातल्या एका तरुणाला मुंबईच्या दुकानाने डिंकाने चिकटवून दिला, "पोहा, झोपा, काही होत नाही" म्हणून. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि उरलेले महिने घाम. जूनमध्ये पुढची कड सुटली, खाली पुरळ. दर तीन-चार आठवड्यांनी तो काढून, साफ करून पुन्हा चिकटवावा लागतो आणि त्यासाठी मुंबईला जाऊन यायचं म्हणजे एक रात्र आणि एक दिवस गेला. मुंबई-पुण्यात राहणाऱ्यांनी हवं तर करावं. कोकणात रात्री काढून ठेवता येईल असाच घ्या. कातडीलाही वारा लागू दे. तरी चिकटवायचाच असेल तर डिंक आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट बघा.

मला खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. केमो सुरू होण्यापूर्वी मला काय खा, काय खाऊ नका याचा कागद मिळाला, बिलांचा कागद मिळाला. केसांबद्दल एवढंच, की "जातील". पहिल्या डोसनंतर साधारण दोन-तीन आठवड्यांत जातात, म्हणजे तयारीला वेळ असतो. त्या आधीच माप घ्यावं, केसांचा फोटो काढावा, रंग जुळवायला एक बट कापून ठेवावी. हे सांगायला कुठलं यंत्र लागत नाही, पाच मिनिटं आणि एक टेप लागते. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवा टोप देते, गरिबांना आणि लहान मुलांना फुकट. आपल्याकडे सरकारने टोप द्यावा इतकं मी मागत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी, जिथे केमो देतात तिथे, माप घेणारी एक नर्स असावी एवढं मागते. दान केलेल्या केसांचे टोप देणाऱ्या संस्था आहेत, पण त्या गावातल्या बाईपर्यंत पोचेतो तिचं डोकं महिनाभर पदराखाली गेलेलं असतं.

आणि नातेवाइकांना एक विनंती. टोप ओळखू आला तर "ओळखूच येत नाही हो" असं म्हणू नका. त्यापेक्षा मागून शिवण दिसत असेल तर हळूच सांगा, मला आरशात मागचं दिसत नाही.

मखमलीची पट्टी ज्यांना हवी असेल त्यांनी डोक्याचा घेर इंचात कळवा. त्यात एक इंच कमी करून शिवायची, मागे दोन बोटं इलॅस्टिक. आमच्या शिंपीणबाई एका दुपारी चार शिवतात.