वायरीचं भोक

परवा कोनला आमच्याकडे भाचा आला होता. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मित्रांबरोबर पाणबुडी करायची म्हणतो, एका माणसाची, दहा मीटर खोल जाणारी. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून जाड पत्रा, वेल्डिंगवाला, सगळं ठरलंय. मी विचारलं, "मोटरची वायर बाहेर कशी काढणार?" तर म्हणे, "मामा, त्यात काय! भोक पाडायचं, वायर ओवायची आणि वरून इपॉक्सी थापायचं."

जेवताना सगळे हसले. काय डोकं चालतं, काय जुगाड, असं कौतुकही झालं. ताई, रागावू नकोस, पण मला हे कौतुक अजिबात पटलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या विहिरीतला पंप जळाला. जोडावरची टेप बाहेरून अगदी शाबूत होती. वायर कापून बघितली तर तांब्याच्या बारीक तारांच्या मधून पाणी वीतभर आत शिरलेलं, तांबं हिरवं पडलेलं. म्हणजे भोक बाहेरून कितीही लिंपा, पाणी वायरीच्या पोटातून येतं! म्हणून खऱ्या पाणबुडीत वायर सलग आत नेत नाहीत. भरीव धातूची पिन राळेत ओतून बसवतात, बाहेरची वायर बाहेर जोडतात, आतली आत. आणि ते बूच खांदा बाहेर ठेवून, ओ-रिंग घालून बसवतात, म्हणजे दाब वाढेल तसं ते जास्तच घट्ट दाबलं जातं. थापलेलं इपॉक्सी मात्र पत्रा जरा दबला की कडेने सुटतं.

आता हिशेब बघा. दहा मीटरवर एक सेंटिमीटरच्या भोकातून मिनिटाला चाळीसेक लिटर पाणी येतं. अर्ध्या मिनिटाला एक बादली. आणि अर्ध्या मीटर व्यासाच्या झाकणावर बाहेरून जवळजवळ दोन टन दाब. ते आतून उघडणार कोण? भीम?

'आपल्याकडे जुगाडावरच सगळं चालतं' हे तर मला ऐकवूच नका. १९९२ साली नौदलात दाखल झालेली 'शाल्की' आपल्या माझगाव डॉकमध्येच बांधली. तिथे कुणी लांबी लावून भोकं बुजवली नव्हती. आणि अमेरिकेची 'थ्रेशर' १९६३ साली १२९ माणसांसकट बुडाली, ती बहुधा पाण्याच्या पाइपाचा एक जोड सुटल्यामुळे. कवच नाही, जोड!

असो. भाच्याला नको म्हटलेलं नाही. फक्त अट घातलीय: आधी माणूस नाही. लोखंडी डब्याला त्याच पद्धतीने वायर बसवायची, आत कोरडा पेपर ठेवायचा, वजन बांधायचं आणि दोराने रात्रभर विहिरीत सोडायचं. विहीर दहा मीटर नाही, सहाच आहे, म्हणजे इथे डबा टिकला तरी दहा मीटरची खात्री नाही, पण पहिल्या चाचणीला चालेल. तो रविवारी डबा घेऊन येतोय. दोर मी आणून ठेवलाय.