बळदाची किंमत कोण करणार?



जुना वाडा पाडायचा आणि सागवानी खांब, तुळया विकायच्या, हा आता गावोगावचा धंदा झाला आहे. व्यापारी येतो, लाकूड टोचून पाहतो, भाव सांगतो आणि ट्रक भरून नेतो. भिंतीतले बळद, अंगणातले पेव, गोठ्यातली गव्हाण यांना त्याच्या वहीत रकाना नाही.

सरकारच्या वहीत तरी कुठे आहे? वारसा म्हणजे किल्ला, लेणी, देऊळ. १९५८ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे प्राचीन स्मारक ठरायला वास्तू किमान शंभर वर्षांची लागते. पेवावर शिलालेख नसतो. त्याचे वय सांगणार कोण?

विलायतेत लंडनजवळ हार्मंड्सवर्थ गावी लाकडी धान्यकोठार आहे. बांधकाम १४२६ चे. २०११ साली ते सार्वजनिक पैशातून विकत घेऊन जपले गेले. मात्र ते बांधले जमीनमालक संस्थेने, आणि राबणाऱ्या माणसाच्या झोपडीला एवढे आयुष्य मिळाले नाही. म्हणून मोजमाप करताना आपण नुसते वय आणि नक्षी पाहून भागणार नाही.

आमच्या मते चार प्रश्न विचारावेत.

पहिला, वास्तू काम कसे करीत होती? ज्वारीचे पेव पाणी न झिरपणाऱ्या जागी, पांढरीत किंवा मुरमात खणत. कडेने कडबा, भुसा लावत आणि तोंड मातीने लिंपत. आत धान्य श्वास घेते, प्राणवायू संपतो, कर्बवायू साचतो आणि किडे मरतात. म्हणूनच पेव उघडल्यावर आधी कंदील सोडून पाहत. घाईने उतरलेली माणसे प्राणाला मुकली आहेत. पेवातली ज्वारी खायला टिके, पण तिची उगवण जाई, म्हणून बियाणे वेगळे, राख घालून ठेवत. हे शास्त्र आम्हाला शेतकी महाविद्यालयात कोणी शिकवले नाही. उलट पदवी घेऊन आम्हीच पत्र्याच्या कोठ्यांचा प्रचार केला. कोठी वाईट नव्हती. पण पेव बुजवण्याआधी ते मोजून, लिहून ठेवायला हवे होते. ती चूक आमची.

दुसरा प्रश्न, अशा वास्तू किती उरल्या? ज्वारीचा पेरा घटला, सोयाबीन आणि कापूस शेतातून थेट बाजारात जाऊ लागला, तशी पेवे बुजली.

तिसरा, माती, दगड, लाकूड कुठले, आणि ते काम येणारा गवंडी, सुतार आज गावात आहे का? माळवदावर दरवर्षी पावसाआधी माती टाकणारा हात गेला, की माळवद चार पावसाळ्यांत बसते.

चौथा प्रश्न सर्वांत अवघड. हे कोणाचे होते? ज्याचे पेव भरलेले तो भावासाठी थांबू शकत होता. खळ्यावरच देणे चुकवणाऱ्याला ती सोय नव्हती. दुष्काळात सावकाराचे पेव भरलेले आणि कुळाची कणगी रिकामी, हेही त्याच वास्तूत लिहिलेले आहे. कोणी बांधले, कोणाला उंबऱ्याबाहेर उभे केले, तेही नोंदवा. नाहीतर वारशाच्या नावाखाली पाटीलकीचेच कौतुक होईल.

आता पैशाचे बोलू. मुंबईत १९९५ च्या वारसा नियमावलीने मालकावर बंधन घातले, तसा हस्तांतरणीय विकास हक्कही देऊ केला. खेड्यात असा हक्क विकत घेणार कोण? भरपाई न देता उद्या कोणी आपल्या गोठ्यावर 'वारसा' अशी पाटी ठोकली, तर ते आणखी एक बंधनच ठरेल. कर्जापायी तुळई विकणाऱ्या भावाला आम्ही दोष देणार नाही. घर गळत असताना वारसा जपा म्हणणे हा शहाणपणा नव्हे.

पण नोंद करायला पैसा लागत नाही. जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. पेव, बळद, माळवद, गोठा, जे असेल त्याची लांबी-रुंदी, किती पोती मावत, कोणी बांधले, शेवटचे कधी भरले, हे लिहावे. म्हाताऱ्या आई-आजींना आधी विचारा. बळदाचे तोंड उघडणारा हात त्यांचा होता.

पाडायचेच असेल तर पाडा. पण मोजल्याशिवाय पाडू नका.