डुबकी एकदाच फुकट मिळते!

प्रो कबड्डीच्या लिलावाच्या दिवशी ऑफिसात काम होत नाही, हे मॅनेजर सोडून सगळ्यांना माहीत असतं. एका विंडोत क्लायंटची एक्सेल शीट, दुसरीत आपली. आपली म्हणजे कोणता चढाईपटू कितीला जाईल, कुणाच्या पर्समध्ये किती उरलेत आणि पलटणचा डावा कोपरा यंदा कोण सांभाळणार याची. आयपीएलवाल्यांना ऑक्शनचा जेवढा माज, तेवढाच आम्हा कबड्डीवाल्यांनाही. फरक इतकाच, की आम्ही संख्येनं कमी आणि आवाजानं जास्त!

तर माझ्या या शीटमध्ये नाव, वय, उंची, मागच्या हंगामाचे गुण असे नेहमीचे रकाने आहेतच. पण शेवटचा रकाना खास आहे. त्याचं नाव ‘पुढे काय?’ म्हणजे या खेळाडूची जी एक भन्नाट चाल आहे, ती सगळ्यांना कळल्यावर तो काय करणार? बोली लावणारे या रकान्याकडे फारसं बघत नाहीत, आणि तिथेच त्यांचे कोटी बुडतात, असं आपलं स्पष्ट मत आहे.

अमेरिकावाले काय करतात?

आधी जरा लांबचा फेरफटका मारू. अमेरिकन फुटबॉल, म्हणजे हातात अंड्यासारखा बॉल घेऊन पळतात तो. नव्या पोरांना टीममध्ये घेण्याचा त्यांचा फंडा म्हणजे ड्राफ्ट. मागच्या वर्षी जो तळाला, त्याला निवडीचा पहिला मान. पैशाची बोली नाही, नंबराप्रमाणे उचला. हा प्रकार 1936 मध्ये सुरू झाला. त्या पहिल्या ड्राफ्टमध्ये सगळ्यात आधी फिलाडेल्फिया ईगल्सनी जे बर्वांगर नावाचा खेळाडू उचलला. तो त्या लीगमध्ये एकही सामना खेळला नाही! पहिल्याच वर्षी, पहिल्याच नंबरवर असा पोपट.

आता याच ईगल्सची 2018 ची गोष्ट ऐका. सुपर बोलची फायनल, समोर टॉम ब्रेडीचे पेट्रियट्स. अगदी मोक्याच्या क्षणी ईगल्सनी एक चाल केली. एरवी पास फेकण्याचं काम क्वार्टरबॅकचं. इथे क्वार्टरबॅक निक फोल्स गुपचूप बाजूला सरकला, बॉल भलत्याकडेच गेला, तिथून ट्रे बर्टनकडे, आणि बर्टननी तो फेकला थेट फोल्सच्याच हातात. टचडाउन! ‘फिली स्पेशल’ म्हणून ही चाल अजरामर झाली. ईगल्स 41-33 नं जिंकले.

आता खरी गंमत. पास फेकणाऱ्या बर्टनला ड्राफ्टमध्ये कुणी निवडलंच नव्हतं. आणि समोरचा ब्रेडी? जगातला सगळ्यात यशस्वी क्वार्टरबॅक, पण 2000 च्या ड्राफ्टमध्ये त्याचा नंबर होता 199. म्हणजे एवढे स्काउट, एवढी मोजमापं, स्टॉपवॉच, आणि तरी...

असो. आपण आपल्या मॅटवर येऊ.

चलाखी कशाला म्हणायचं?

कबड्डीत ट्रिक म्हटलं की लोकांना डुबकी आठवते, नाहीतर बचावपटूंच्या डोक्यावरून मारलेली हनुमान उडी. त्या दिसायला सहीच असतात. पण खरी चलाखी टीव्हीच्या रिप्लेत मावत नाही.

बोनसचंच घ्या. समोर सहा किंवा सात बचावपटू असतील तरच बोनस मिळतो. हुशार कोपरारक्षक काय करतो? मुद्दाम अर्धं पाऊल मागे राहतो. ‘घे बाबा बोनस’, असं जणू आमंत्रणच देतो. चढाईपटू पाय लांब टाकतो, त्याचा तोल पुढे जातो, आणि त्याच क्षणी घोटा कोपऱ्याच्या हातात. एका गुणाचं आमिष आणि मोठा मासा गळाला!

दुसरी चाल याहून बेरकी आहे. समोरच्या टीमचा हुकमी चढाईपटू बाद होऊन बाहेर बसलाय. त्यांचे उरलेले सगळे गडी बाद करून लोण दिला की तो परत आत येणार. मग शहाणी टीम घाई करत नाही. उरलेल्या दोघा-तिघांना हातच लावत नाही, वेळ काढते, आणि तो बिचारा बाहेर बसून नखं खातो. यात धोकाही आहे. तीन किंवा कमी बचावपटू असताना त्यांनी पकड केली तर त्यांना एक गुण जास्त मिळतो. याच्या नेमकी उलटी चाल म्हणजे शेवटच्या गड्यानं स्वतःहून बाद होणं. लोण अंगावर घ्यायचा, दोन जादा गुण द्यायचे, पण सातही जण परत मैदानात. पाहुण्यांना वाटतं हा घाबरला. जाणकाराला कळतं, यानं हिशेब केला.

आणि कधी कधी नियमच चाल होऊन बसतो. हांगझोऊच्या एशियन गेम्सची 2023 मधली फायनल आठवा. भारत-इराण 28-28. पवन सेहरावत कुणाला हात न लावता लॉबीत गेला आणि त्याच्यामागे इराणचे बचावपटूही. आता बाद कोण? जुना नियम की नवा? मॅच बराच वेळ बंद पडली. शेवटी भारत 33-29 नं जिंकला, पण त्या दिवशी अर्ध्या देशाला पहिल्यांदा कळलं की लॉबी नावाची एक भानगड असते.

कोटीच्या पुढची गोष्ट

आता मुद्द्यावर येतो. लिलावात टीम काय विकत घेते? खेळाडूनं आधीच दाखवलेली चाल. पण दाखवलेली चाल त्याच दिवसापासून जुनी व्हायला लागते. प्रत्येक टीमकडे व्हिडीओ आहेत, प्रत्येक कोचकडे लॅपटॉप आहे.

सगळ्यात मोठं उदाहरण प्रदीप नरवाल. डुबकी किंग! बचावपटूंची साखळी बंद होत आली की हा खाली वाकून हातांखालून पार. 2017 च्या पाचव्या हंगामात 369 चढाई गुण, हरियाणा स्टीलर्सविरुद्ध एका मॅचमध्ये 34, पाटणा पायरेट्सला सलग तीन विजेतेपदं. 2021 च्या लिलावात यूपी योद्धानी त्याच्यावर 1 कोटी 65 लाख लावले, तोवरची विक्रमी बोली. पण तोवर बचावपटू शिकले होते. अंगावर धावून जायचं नाही, वरून मिठी मारायची नाही, थांबायचं, खाली राहायचं, पाय धरायचा. 2025 च्या लिलावात त्याला कुणी घेतलंच नाही, आणि लगेच त्यानं निवृत्ती जाहीर केली. 1801 चढाई गुणांचा मालक! वय, दुखापती, फॉर्म, सगळंच त्यात आलं. पण एक गोष्ट नक्की. डुबकी एकदाच फुकट मिळते, नंतर तिची किंमत मोजावी लागते.

दुसरा आपला सिद्धार्थ देसाई, चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा. 2018 मध्ये यू मुंबानी 36 लाख 40 हजाराला घेतला. पोरानं धुमाकूळ घातला. पुढच्याच वर्षी तेलुगू टायटन्सनी 1 कोटी 45 लाख मोजले. तिथेही तो खेळला, पण मग खांदा दुखावला. ताकदीवर चालणाऱ्या खेळाडूचं शरीरच त्याची ट्रिक असते, आणि शरीराला ऑक्शनची भाषा कळत नाही.

आणि तिसरा अस्लम इनामदार, नगर जिल्ह्याचा. पुणेरी पलटणनी त्याला नव्या तरुण खेळाडूंच्या योजनेतून घेतलं. कोटीची बोली नाही, ब्रेकिंग न्यूज नाही. आठव्या हंगामात तो पहिल्यांदा दिसला, दहाव्यात कॅप्टन झाला, आणि 1 मार्च 2024 ला हैदराबादला हरियाणा स्टीलर्सना 28-25 हरवून पलटणचा पहिला चषक त्यानंच उचलला. त्याची एक खास चाल सांगा बरं? सांगता येत नाही. कारण तो चढाई करतो, पकडीत उतरतो, आणि कधी काहीच न करता नुसता वेळ काढून परत येतो. ज्याची चालच ओळखू येत नाही, त्याचा अभ्यास कसा करणार?

सोनाळ्याचा पोट्टा कोणत्या यादीत?

हे सगळं एवढ्या पोटतिडकीनं का लिहितोय? कारण माझं गाव सोनाळा. बुलडाणा जिल्हा, संग्रामपूर तालुका, मागे सातपुडा. शेगावला रेल्वेतून उतरायचं आणि पुढे एसटी. आमच्याकडे कबड्डी चुन्याच्या रेघांत आणि उघड्या पायांनी खेळतात. तिथली जुनी माणसं पोरांना एकच मंत्र देतात, “पोट्ट्या, पाय दाखवशीन त पाय जाईन!” अख्ख्या प्रो कबड्डीचं कोचिंग या एका वाक्यात आहे.

विदर्भाला या खेळात काल-परवाचा समजू नका. बर्वांगरला निवडलं त्याच 1936 साली, बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं तिथे कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं होतं. एवढा जुना वारसा! पण आज राज्याच्या दोन टीम आहेत, एक मुंबईची, एक पुण्याची. राष्ट्रीय स्पर्धेत विदर्भाचा संघ महाराष्ट्रापेक्षा वेगळा उतरतो. 2018 मध्ये रिशांक देवाडिगाच्या महाराष्ट्रानं सर्व्हिसेसला हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं तेव्हा आम्हीही नाचलो, पण त्या संघाची वाट आमच्या पोरांच्या गावावरून जात नव्हती. त्यांनी आधी जिल्हा गाठायचा, मग विदर्भ, मग राष्ट्रीय स्पर्धा, आणि तिथे एक-दोन मॅचमध्ये कुणाच्या नजरेत भरलं तर भरलं.

त्यात मातीवरून मॅटवर जाणं सोपं नाही. मातीत पाय घसरतो, त्याचाच फायदा घेऊन पोरं लांब पाय टाकतात. मॅटवर बूट घट्ट धरतो. तीच चाल, तोच पोरगा, पण गुडघा दुसरंच सांगतो. एका दिवसाच्या ट्रायलमध्ये हे शिकायला वेळ कुठे? मग तो घाबरून आपली एकुलती एक हुकमी चाल दाखवतो. ती जमली तर ठीक, नाही जमली तर परतीची एसटी.

हल्ली गावोगावच्या स्पर्धा मोबाइलवर लाइव्ह दिसतात. त्यामुळे ‘आम्हाला दिसलाच नाही’ ही सबब संपली. पण त्याची दुसरी बाजूही आहे. पोराची चाल स्काउटच्या आधी पलीकडच्या तालुक्यातला कोपरारक्षक बघतो. म्हणजे वीस वर्षांच्या पोरापुढेही तोच प्रश्न, जो 1 कोटी 65 लाखांच्या प्रदीपपुढे होता. पुढे काय?

माझा ड्राफ्ट, माझे नियम

टीममालक मला विचारायला येणार नाहीत, तरी सांगून टाकतो.

एक, ट्रायलमध्ये पोराची पहिली चढाई बघूच नका. तो पकडला गेल्यानंतरची चढाई बघा. तीच चाल पुन्हा करतो की वेगळं काही काढतो, त्यात सगळं कळतं.

दोन, लिलावाच्या आधी तरुणांचा एक खुला ड्राफ्ट ठेवा, आणि तळाच्या टीमला पहिला मान द्या. कोटींचा खेळ मोठ्यांना खेळू द्या, पण नव्या पोरांच्या बाबतीत तरी सगळ्यात गरजू टीमला सगळ्यात चांगला पोरगा मिळू दे.

तीन, ट्रायल घ्यायची तर आठवडाभर घ्या. मातीतल्या पोराला मॅटवर चार दिवस पाय रोवू द्या, पाचव्या दिवशी मार्क द्या.

चार, बचावपटूंना भाव द्या. इराणच्या मोहम्मदरेझा शादलूवर पलटणनी 2 कोटी 35 लाख लावले तेव्हा लोक हसले होते. त्याच हंगामात चषक आला.

आणि पाचवा नियम आपल्यासाठी, म्हणजे एसीत बसणाऱ्यांसाठी. कॅम्पस इंटरव्ह्यूत चाललेलं ते एक झकास प्रेझेंटेशन, ते एक सॉफ्टवेअर, ती एक इंग्रजी वाक्यांची झुळझुळ, ही आपली डुबकी. पहिल्या अप्रेजलला टाळ्या मिळतात. तिसऱ्या वर्षापर्यंत शेजारच्या क्युबिकलवाल्याला ती पाठ झालेली असते.

यंदाच्या सुट्टीत सोनाळ्याच्या पोरांना मी हेच सांगणार आहे. ट्रायलला जाताना खिशात तीन चाली ठेवा, एक दाखवा, दुसरी अडल्यावर काढा, आणि तिसरी कुणालाच सांगू नका. अगदी मलासुद्धा. मी ती लगेच एक्सेलमध्ये टाकीन!