माजघरातून : यंदाची आघाडीची फळी

मैत्रिणींनो, दिवाळीचा फराळ संपला, डबे घासून पालथे घातले, की गावोगावच्या बायका तुळशीच्या लग्नाच्या तयारीला लागतात. आम्ही कोल्हापूरच्या बायकाही लागतो. पण आमच्या घरातल्या पुरुषमंडळींचे कान एव्हाना दुसरीकडेच लागलेले असतात. "नोंदणी झाली का? पुढं कोण खेळणार? बाहेरचा कोण आणलाय?" चहाचा कप हातात घेऊन हे प्रश्न विचारणारा माणूस साखर कमी पडली तरी बोलत नाही. घरात साखर संपत आली असेल, तर हे दिवस सोयीचे.

ज्या भगिनी कोल्हापूरच्या नाहीत, त्यांना हे जरा विचित्र वाटेल. कोल्हापूर म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर अंबाबाई, चपला, तांबडा-पांढरा आणि खासबागेतली कुस्ती येते. पण ज्या तालमींत मल्ल घुमले, त्याच तालमींनी पुढे फुटबॉल पायाशी घेतला. म्हणून तर आमच्या संघांची नावे अशी : पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम. जोडीला शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब वगैरे. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे आमच्या भाषेत के.एस.ए., सामने भरवते आणि शाहू स्टेडियमवर अख्खी पेठ लोटते. पेठापेठांतल्या या चुरशीला इथे 'ईर्षा' म्हणतात. शब्द वाईट, पण आम्ही तो कौतुकाने वापरतो.

आमच्या पेठेचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही. नाव छापले, की पुढच्या आठवड्यात भाजी मंडईत मला चार जणी अडवणार. शिवाय माझी अडचण दुहेरी आहे. माझे माहेर एका पेठेत आणि सासर दुसऱ्या. लग्नात आडनाव बदलले, कुलदैवत बदलले, आमटीची चव बदलली. ते सगळे महिन्या-दोन महिन्यांत अंगवळणी पडले. संघ बदलायला मात्र मला बारा वर्षे लागली. माहेरचा संघ हरला, की मी मुकाट्याने कणीक मळत बसायची. आमच्या सासूबाईंच्या ते ध्यानात यायचे. त्या फक्त म्हणायच्या, "आज चपात्या लई मऊ झाल्यात गं."

आता यंदाची गोष्ट. गेल्या हंगामात आमचा संघ काही खेळलाच नाही, असे माझे मत आहे. हे म्हणतात, "नशीब नव्हतं." नशिबाचे काय ते मला ठाऊक नाही, पण मी दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर सामने टिपून ठेवते. नऊ सामने, गोल सहा, त्यांतले दोन पेनल्टीचे. नऊ दिवस दूध घालून सहाच दिवस चहा व्हावा, तसला हा हिशेब. खेळाची रीत एकच. मागून उंच चेंडू मारायचा आणि पुढे उभ्या असलेल्या एकट्या पोराने तो डोक्यावर घ्यायचा. समोरच्या संघाला हे दुसऱ्याच सामन्यात कळले. त्यांनी दोन आडदांड गडी त्या पोराच्या अंगावर ठेवले, संपले.

ते पोर म्हणजे आमचा पुतण्या, माझ्या धाकट्या जावेचा मुलगा. त्याचे नाव काही मी छापत नाही. एकवीस वर्षांचा आहे, अंगाने सडसडीत, आणि सकाळी उठायचा भारी आळशी.

यंदा नवे प्रशिक्षक आले. त्यांनी सांगितले, की पुढे एक नव्हे, तिघे खेळतील. डावीकडे एक, उजवीकडे एक, दोघेही चपळ, पेठेतलेच. आणि मधला, म्हणजे आमचा पुतण्या, पुढे उभा राहायचाच नाही. त्याने मागे सरकायचे, चेंडू पायावर घ्यायचा आणि या दोघांना द्यायचा. हे ऐकून तो दोन दिवस जेवला नाही. मधला फॉरवर्ड गोलापासून लांब पळणार, म्हणजे त्याला काढून टाकल्यासारखेच, असे त्याला वाटले.

तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात येऊन त्याने फरशीवर वाट्या मांडल्या. "बघ मोठी आई, ह्या चार वाट्या त्यांचा डिफेन्स. हा डाव म्हणजे मी. मी मागं आलो, मग पुढं कोण? कोणच नाही!"

मी म्हटले, "आणि ती मधली वाटी? ती कुठं जाणार?"

"माझ्या मागनं येणार."

"मग ती आली तर तिची जागा रिकामी नाही का पडली?"

मैत्रिणींनो, हे मला कुणी शिकवले नव्हते. दिवाळीत लाडवाच्या डब्यावर राखण बसलेल्या बाईला हे आपोआप कळते. एक पोर अंगणात जाऊन भोकाड पसरते, राखणदारीण धावत तिकडे जाते, आणि उरलेली दोघे मागच्या दाराने येऊन डबा साफ करतात. रडणाऱ्याला लाडू मिळत नाही असे नाही. तो नंतर वाटणीला येतोच. आमच्या पुतण्याला यंदा अंगणात रडायचे काम मिळाले आहे.

ही युक्ती नवी नाही, हे मला नंतर आमच्या ह्यांनी सांगितले. (फुटबॉलचा विषय निघाला, की हे बोलतात, एरवी हूं नि हां.) 1953 साली नोव्हेंबर महिन्यात हंगेरीचा संघ लंडनला वेम्बलीच्या मैदानावर खेळायला आला होता. इंग्लंडला आपल्या घरच्या मैदानाची मोठी घमेंड. हंगेरीचा मधला फॉरवर्ड हिदेकुटी पाठीवर नऊ नंबर लावून पुढे उभा राहण्याऐवजी मागेच घोटाळत राहिला. त्याच्यामागे जावे की जागा धरावी, हे इंग्लंडच्या गड्यांना कळेना. सामना हंगेरीने सहा-तीन जिंकला, आणि गंमत म्हणजे सहांतले तीन गोल त्या मागे राहणाऱ्या हिदेकुटीनेच केले. हे मी पुतण्याला सांगितले, तेव्हा कुठे तो दोन भाकऱ्या जेवला.

आपल्याकडचे उदाहरण हवे असेल, तर 1956 सालचे मेलबर्न ऑलिंपिक घ्या. भारताचा फुटबॉल संघ चौथा आला होता. ऑस्ट्रेलियाला आपण त्यांच्याच देशात चार-दोन असे हरवले आणि त्यांत नेव्हिल डिसोझाने तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये अशी हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. मूळचा गोव्याचा, आणि खेळला मुंबईत. म्हणजे गोल करणे काही फक्त बाहेरून आणलेल्यांनाच जमते असे नाही. हे मी अशासाठी लिहिते, की कोल्हापुरात गेल्या काही वर्षांत परदेशी खेळाडू आणायची चढाओढ झाली. ते चांगले खेळतात, पाहायला मजाही येते. पण वर्गणी कुठून येते, हे घर चालवणारीला विचारा. आणि पेठेतले पोर बाकावर बसून पाणी देत राहते, ते वेगळेच. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 साली सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. तोही कुठल्या तरी मैदानावर कुणी खेळायला घेतला, म्हणूनच पुढे गेला ना?

ऑफसाइडबद्दल एका भगिनीने मला समारंभात विचारले होते, ते इथेच सांगून टाकते. आपल्या माणसाने पास मारला त्या क्षणी, समोरच्या अर्ध्या मैदानात असलेला आपला पुढचा गडी चेंडूच्याही पुढे आणि समोरच्या संघाच्या शेवटून दुसऱ्या माणसाच्याही पुढे असेल, तर तो ऑफसाइड. शेवटचा बहुधा गोलरक्षक असतो, म्हणून डोळा त्याच्या पुढच्यावर ठेवायचा. बरोबरीने असला तर चालते. आमचे दोन्ही बाजूंचे पोरगे पळायला फार उतावळे आहेत. पास निघायच्या आधीच सुटतात. यंदाची सगळी मेख तिथेच आहे, हे मी आताच लिहून ठेवते.

पण घरात पेच पडला आहे तो वेगळाच. धाकट्या जावेला हा खेळच नको आहे. तिचेही चुकते असे मी म्हणणार नाही. गेल्या वर्षी मार्चमध्ये त्याचा गुडघा सुजला, पाच आठवडे पोर घरात. शिरोलीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात ओळखीने जागा आहे, पगार बरा आहे. ती मला म्हणाली, "अक्का, गोल करत होता तवा निदान पेठेत नाव तरी होतं. आता गोल बी दुसरेच करणार. मग ह्याला कोण विचारणार? नोकरी कोण देणार?"

यावर उत्तर सोपे नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी राखीव जागा असतात, पण त्याला राज्य नाहीतर राष्ट्रीय स्पर्धांची प्रमाणपत्रे लागतात. पेठेच्या फलकावर फोटो लागला, म्हणून कुणी नेमणुकीचे पत्र देत नाही. गेल्या महिन्यात दुसऱ्या एका पेठेने त्याला जास्त पैसे देऊ केले होते. पोराने नाही म्हटले. जाऊ त्या दिवशी माझ्याशी बोललीच नाही. कारण नाही म्हणायला मी सांगितले, असा तिचा समज. आणि खरे सांगायचे, तर तो समज खोटा नाही.

शेवटी देवघरासमोर बसून आम्ही दोघींनी ठरवले : हा एक हंगाम. मे महिन्यापर्यंत तो खेळेल. तोवर त्याने आयटीआयचा राहिलेला विषय सोडवायचा. आणि काहीच हाती लागले नाही, तर जूनमध्ये शिरोली, मग मी एक शब्द बोलायचा नाही. माझ्या शब्दावर ती एक वर्ष थांबली आहे, मैत्रिणींनो. त्या तिघांनी गोल नाही केले, तर ते स्टेडियममध्ये विसरतील. मला रोज सकाळी तिच्याशेजारी बसून भाजी निवडायची आहे.

म्हणून मागच्या रविवारी मी स्वतः सरावाचा सामना पाहायला गेले. पुरुषांच्या गर्दीत एका कडेला, डोक्यावर पदर घेऊन. पहिला अर्धा वेळ पाहून माझे हातपाय गार पडले. पुतण्या शहाण्यासारखा मागे आला, त्याच्यामागे त्यांचा गडीही आला, वाट मोकळी झाली; पण आमचे दोघे आपापल्या कडेला उभे. लाडवाचा डबा उघडा आणि चोर झोपलेले! चेंडू आडवा, पुन्हा आडवा, पुन्हा मागे. शेजारचे एक आजोबा म्हणाले, "ह्येला खेळ म्हणत्यात व्हय? मार की उंच!" दुसऱ्या अर्ध्यात मात्र एकदा जमले. पुतण्याने पाठ गोलाकडे ठेवून चेंडू घेतला, न बघता उजवीकडे सरकवला, आणि तो उजवा पोरगा या खेपेला वेळेवर सुटला. चेंडू खांबाला लागून बाहेर गेला. पण मी उठून उभी राहिले होते, पदर खांद्यावर आला होता, याचे मला भान नव्हते.

एकदाच जमले, हे मी विसरलेले नाही. आणि बाजूचे दोघे पुढे गेल्यावर मागची बाजू उघडी पडते, तिकडे कुणाचे लक्ष आहे, असे मला दिसले नाही. तरी पण सहा गोलांचे यंदा पंधरा तरी होतील, असे मी वहीत लिहून तारीख टाकली आहे.

जिच्या घरात असा खेळणारा आहे, तिच्यासाठी दोन शब्द. चिखलाची जर्सी ओली असताना घासू नका, चिखल आत मुरतो. वाळू द्या, ब्रशने झाडा, मग गार पाण्यात भिजवून साबण लावा. रक्ताचा डाग असेल तर गरम पाणी अजिबात नको. गार पाणी आणि मीठ. बुटांत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे घालून सावलीत वाळवा. शेगडीजवळ ठेवलेत, तर चामडे तडकते. सामन्याच्या दिवशी जड जेवण तीन तास आधी, आणि रस्सा सामना झाल्यावर. गंगावेशीतले धारोष्ण दूध पोरे हौसेने पितात, पण आमच्याकडे मी ते आणवून उकळूनच देते. तालमीतल्या जुन्या मंडळींना हे पटत नाही, न पटू दे.

सामन्यांचे वेळापत्रक अजून हाती आलेले नाही. काल संध्याकाळी जाऊ माझ्याकडे आली, हातात नवी जर्सी. नऊ नंबरची शिवण एका बाजूने उसवली होती. म्हणाली, "अक्का, तुमच्याकडं पांढरा दोरा आहे का? आणि ते गॅलरीत ऊन कुठल्या बाजूनं येतं हो?"